मोड आहेत, असं कुणी ठरवलं?

प्रश्न : माझे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर. सात महिन्यांपासून संडासवाटे रक्त जातंय. स्टँडसमोरच्या मूळव्याधीच्या दवाखान्यातून मलम आणि चूर्ण आणलं. ‘बसून बसून मोड आलेत, उष्णता आहे,’ असं तिथे सांगितलं. चार दिवस बरं वाटतं, परत सुरू. आता सकाळी ड्युटीवर निघेपर्यंत चार-पाच वेळा जावं लागतं, तरी मोकळं वाटत नाही. चिकटही पडतं. कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. हिमोग्लोबिन ८.९ आलं म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात, तेव्हापासून संडास काळी होते. दुर्बिणीच्या तपासणीला ते तयार नाहीत. मूळव्याधच असेल ना?
– एक भगिनी, भूम, जि. धाराशिव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मलम आहे, चूर्ण आहे, गोळ्या आहेत. पण सात महिन्यांत कुणी हातमोजा घालून, बोटाने आतून तपासलं, असं एकदाही लिहिलेलं नाही. मग मोड आहेत हे ठरवलं कुणी?

काळ्या रंगाची काळजी करू नका, तो लोहाच्या गोळ्यांचा असतो. मला काळजी वाटते ती बाकीच्या गोष्टींची. मोडाचं रक्त बहुतेक वेळा लालभडक असतं, संडास झाल्यावर थेंब-थेंब पडतं, आणि माणूस एरवी ठणठणीत असतो. रक्ताबरोबर चिकट पडणं, पुन्हा पुन्हा जाऊनही काहीतरी उरल्यासारखं वाटणं, वजन उतरणं, हे मोडांच्या खात्यात टाकता येत नाही. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या पुढे असायला हवं. ते ८.९ वर आलं असेल, तर गळती कुठे आहे ते शोधायचं की नुसतं वरून भरत राहायचं? आणि मोड असले, तरी त्यांच्या वर दुसरं काही नसेलच असं नाही. दोन्ही एकाच माणसात मी कितीतरी वेळा पाहिलंय.

हे कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात, त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये असंच रक्त आणि चिकट पडतं. अमिबाची आव असू शकते, आतड्याचा टीबी आपल्याकडे आजही दिसतो, किंवा नुसता पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा छोटा मांसल उंचवटा, असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि मलम त्यातल्या एकाचाही इलाज नाही.

माझ्या मामांचं असंच झालं होतं. मी तेव्हा सर्जरीत एमएस करत होते. चौदा महिने ते एका दवाखान्यातून मलम आणत राहिले आणि मला मात्र कळू दिलं नाही, कारण भाचीला असलं कसं सांगायचं! शेवटी मामीने फोन केला. मी तपासलं तेव्हा गाठ बोटाच्या टोकालाच लागली. दोन मिनिटांची तपासणी, चौदा महिन्यांत कुणीही केली नव्हती. म्हणून या सदरात मी संडास, गुदद्वार हे शब्द सरळ लिहिते. कुणाला खटकले तरी लिहिणार.

तर आता पहिलं काम, याच आठवड्यात सर्जनकडे जाऊन बोटाची तपासणी. ती सरळ आली तरी दुर्बीण, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून मोठं आतडं पाहणं, करायचीच, कारण मोठं आतडं जवळजवळ दीड मीटर लांब आहे आणि बोट पोचतं ते शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत. तुम्हाला बार्शी जवळ पडेल. तिथे कॅन्सरचं रुग्णालय आहे आणि आसपासच्या गावांतल्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंदही १९८७ पासून ठेवली जाते. तिथल्या लोकांना हा आजार अनोळखी नाही. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

यजमानांना दुर्बिणीची भीती वाटत असेल, तर काय होतं ते सांगून टाका. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर काळा लेप बसतो आणि आतलं नीट दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. दोन दिवस पालेभाजी आणि बियांची फळं नाहीत, आदल्या दिवशी वरणाचं पाणी, सरबत, असं पातळच. मग पावडर घातलेलं दोन लिटरच्या आसपास पाणी, थोडं रात्री, थोडं पहाटे. चव खारट-गुळचट असते, गार करून प्यायलं की जातं. संडासला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी व्हायला लागलं की पोट तयार. झोपेचं इंजेक्शन देतात, अर्धा तास लागतो. पण त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, रजा टाकायलाच लावा. आत पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढता येतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून तो वेळेत सापडणं मोलाचं.

तपासणी झाली की मला दोन ओळी लिहा. मी वाट पाहतेय.

प्रश्न : वय २७, आयटीत नोकरी. रोज सकाळी पोट साफ झालं नाही तर दिवस वाईट जातो, म्हणून चार वर्षं रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतो. आता दोन चमचे लागतात. आतडी धुऊन काढणारं डिटॉक्स पॅकेज घेऊ का?
– पुणे

उत्तर : नको. वर्षानुवर्षं आतड्याला चिकटलेला मळ मी आजवर एकाही दुर्बिणीत पाहिलेला नाही. एका रात्रीच्या औषधाने भिंत गुलाबी, ओलसर, लखलखीत दिसते. तुमच्यासारख्या सोनामुखीवाल्यांची मात्र तपकिरी पडलेली दिसते, त्यावर बिबट्यासारखी नक्षी. तो रंग घातक नसतो, चूर्ण सुटलं की काही महिन्यांत निघून जातो.

रोज झालीच पाहिजे हा आपला हट्ट आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी असू शकतं. चूर्ण एकदम तोडू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. त्याबरोबर इसबगोल एक चमचा, पण पूर्ण पेलाभर पाण्यात, कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलायला लागतं, ती वेळ ऑफिसच्या कॉलला देऊ नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. फोन बाहेर ठेवा. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगांची उसळ. रक्त, वजनात घट किंवा रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर यातलं काहीच न करता आधी दाखवा.

प्रश्न : वडिलांना ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. मी ३९, धाकटा भाऊ ३६. दोघांना त्रास काहीच नाही. तपासायचं का?
– रत्नागिरी

उत्तर : हो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा आजार झाला असेल तर पहिली दुर्बीण चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या आजाराच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. तुमच्या घरात ५२ वजा १० म्हणजे ४२, त्याआधी चाळीस येतं. तुम्ही पुढच्या वर्षी करा, भावाने चार वर्षांनी. सगळं स्वच्छ आलं तरी दर पाच वर्षांनी पुन्हा. आत्याला किंवा काकांना असं काही झालं होतं का, तेही वडिलांना विचारून ठेवा. घरात बरेच जण निघाले तर हा हिशेब बदलतो, भावाचाही.