गोव्यात गावी घर घेतलंय. मागच्या बागेतल्या पक्ष्यांचे फोटो काढायला कोणती लेन्स घेऊ?

प्रश्नाखाली तुम्ही जाता जाता लिहिलंय, "सध्या मागचा वाळलेला माड पाडून, पातेरा (गळलेला पालापाचोळा) जाळून बाग साफ करून घेतोय." लेन्सचं नंतर सांगते. माड अजून उभा असेल तर आधी पाडेलीला, म्हणजे माडावर चढणाऱ्या माणसाला, फोन करून नको म्हणून सांगा.

आमचं घर सत्तरी तालुक्यात. मागे कुळागर आहे, पोफळी, मधे मधे माड, केळी, जायफळ आणि खालून व्हाळ, म्हणजे ओढा. विहिरीजवळच्या एका माडाचा शेंडा सोंड्या भुंग्याने पोखरला आणि तो मेला. झावळ्या गळून गेल्या, नुसता खांब उरला. शिमग्याच्या दिवसांत त्या खांबावर सोनपाठी सुतार पक्ष्यांची जोडी आली. मागच्या पडवीच्या खिडकीतून तो माड नीट समोर दिसायचा. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे बसायची. माडाचा बाहेरचा थर फार कठीण. तो फोडायलाच त्यांना आठवडा लागला. आतला गर मऊ लागल्यावर काम भरभर चाललं. एक जण आत शिरायचा, चोचीत भुसा भरून डोकं बाहेर काढायचा आणि मान झटकून उडवायचा. विहिरीच्या कठड्यावर तांबूस भुश्याचा थर साचायचा. नराचा तुरा सगळा लाल, मादीच्या कपाळावर मात्र काळ्यावर पांढरे ठिपके असतात. हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते ठिपके मला मोजता येतील इतक्या जवळून दिसले ते त्या खिडकीतून.

एप्रिलच्या शेवटी मी चार दिवस पणजीला गेले होते. दादाचं पहिल्यापासून म्हणणं, मेलेला माड दारात ठेवू नये. मी नाही हे बघून त्याने पाडेलीला बोलावलं. परत आले तेव्हा विहिरीजवळ खोडाचे तुकडे पडले होते. तिसऱ्या तुकड्यात भोक होतं. आत तीन पिल्लं, डोळे मिटलेली, अंगावर पीस नाही, आणि मुंग्या लागलेल्या. संध्याकाळी मादी आली. बाजूच्या पोफळीवर चढून ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, त्याच वेळेला.

दादा म्हणाला, "अगो, एवढं रान पडलंय, जातील दुसऱ्या झाडावर." आज बारा वर्षं झाली, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. दुसरं झाड कुठलं? जिवंत, टणक लाकडात सुतार सहसा घर करत नाही, त्याला मेलेलं नाहीतर आतून कुजलेलं लाकूड लागतं. आणि नेमकं तेच आपण "साफसफाई" म्हणून आधी काढतो. सुतार बहुतेक वेळा दर वर्षी नवं भोक पाडतो. जुनं भोक मग दयाळ, मैना, पोपट, पिंगळा यांच्या कामाला येतं, कारण त्यांना असं लाकूड कोरता येत नाही. म्हणजे एक सुका माड पाडला की चार-पाच जातींची पुढच्या कित्येक वर्षांची घरं जातात. 2016 साली माडाला गोव्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलं तेव्हा गोवाभर केवढा आवाज उठला, आणि 2017 मध्ये तो परत आत आला. वाळलेल्या माडासाठी कोणी चकार शब्द काढत नाही.

पुढे व्हाळाकडचा एक माड मेला, तो मी पाडू दिला नाही. पहिल्या वर्षी सुतार, नंतर दयाळ, आणि आता दोन वर्षं पिंगळ्यांचं बिऱ्हाड आहे. माझा सगळ्यात चांगला फोटो तिथलाच, भोकातून एकावर एक दोन तोंडं बाहेर आलेली. साध्या 70-300 मिमी झूम लेन्सने काढलाय.

तेव्हा लेन्स हीच घ्या, बजेट असेल तर 100-400. त्यापेक्षा मोठी बागेसाठी नको. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला 1/1000 सेकंद, उडताना 1/2000, फोकस डोळ्यावर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. सकाळी सात ते नऊ एकाच जागी बसा, रोज तीच जागा आणि शक्यतो तेच कपडे. आठवड्याभरात पक्षी तुम्हाला बुजेनासे होतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको. उन्हाळ्यात सावलीत दोन बोटं पाणी राहील असं पसरट मातीचं भांडं ठेवा आणि रोज घासा. केळफूल कापायची घाई करू नका, त्यावर शिंजीर येतात आणि नशीब असेल तर लांब वाकड्या चोचीचा कोळीखाऊही. पातेरा एका कोपऱ्यात तरी राहू द्या. नवरंग त्यातच उड्या मारत किडे शोधतो, झाडून लख्ख केलेल्या अंगणात तो उतरत नाही.

दादाच्या बाजूनेही सांगायला हवं. कुजणाऱ्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा (माडाची आणखी एक कीड) अंडी घालतो, हे खरं आहे. म्हणून माड मेला की कुजलेला शेंडा काढून जाळायचा आणि पडलेले तुकडे कुळागरात ठेवायचे नाहीत. माड घरावर पडेल इतका जवळ असेल तर दोन पुरुष उंच खांब ठेवून वरचं कापा, तेही पावसाळा संपल्यावर, भोकं रिकामी आहेत हे बघून. घरट्याचे फोटो लांबूनच काढा, समोरची फांदीसुद्धा बाजूला करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हे शिकारीतच धरलंय. हे दादाला तेव्हा दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा माड उभा असेल तर खोडाचा एक फोटो इथे टाका. भोक असेल तर कोणाचं असावं ते सांगते.