पुढचे दात गेल्यावर बोलणे का बदलते?

आपल्या आजोबांचे वरचे पुढचे चार दात काढल्यापासून त्यांचे बोलणे कळेनासे झाले आहे आणि हा जिभेचा विकार तर नाही ना, असे आपण विचारले आहे. बोलणे दात गेल्यापासूनच बदलले असेल, तर दोष बहुधा जिभेचा नाही. तिला टेकायला लागणारी जागा गेली आहे. (तोंड वाकडे होऊन किंवा हातातले बळ जाऊन अचानक बोलणे जड झाले, तर मात्र तो पक्षाघात असू शकतो आणि तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे.)

त, थ, द, ध म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि 'स'ची हवा दातांच्या कडेवर घासून जाते. मराठीत त्यात आणखी एक भर आहे: 'चहा'तला च टाळूचा, पण 'चूल' आणि 'चाक' यांतला च दातांच्या आधाराचा, त्यामुळे तो अधिक बिघडतो. क, ग, ट, ळ यांना पुढच्या दातांची गरज नसते. आजोबांना 'काका' आणि 'सासू' हे शब्द म्हणायला सांगा, फरक कानाला कळेल. दाढा गेल्याने चावणे अवघड होते, उच्चार फारसे बिघडत नाहीत.

माझे वडील, आण्णा, परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. दात गेल्यावर फोनवर सोयाबीनचा भाव सांगताना त्यांचे 'साडेचार हजार' समोरच्याला कळेना, कारण त्यात नेमका हाच स आहे. दोन-तीनदा "काय म्हणालात?" असे आले की ते काही न बोलता फोन माझ्या हाती देत. पुढे ते घरातही गप्प राहू लागले. आम्ही ते वयावर ढकलले, ही चूक मला आजही सलते.

कवळीने बराच फरक पडतो, पण पहिल्या दिवसापासून नाही. सुरुवातीला लाळ फार सुटते, 'स'बरोबर शिट्टी वाजते आणि जीभ सरावायला काही आठवडे लागतात. आण्णा रोज सकाळी ओसरीवर बसून वर्तमानपत्रातले बाजारभाव मोठ्याने वाचत. त्या सरावाइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. दात गेलेल्या जागचे हाड हळूहळू झिजते, म्हणून नीट बसलेली कवळीही काही वर्षांनी सैल होते. तेव्हा ती डबीत ठेवून न देता पुन्हा दाखवावी. खर्चाची अडचण असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तोवर घरातल्या कोणीही आजोबांचे वाक्य मध्येच तोडून पुरे करू नये, त्यांना ते सावकाश म्हणू द्यावे.