आधी कांद्याची मुळं बघ

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला पेशीविज्ञान आणि मॉलिक्युलर बायोलॉजीत एम.एस्सी. करायचं आहे. मार्क चांगले पडतात, पण क्रेब्स सायकल तीनदा पाठ केली आणि तीनदा विसरले. जेल मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, जर्नलमध्ये नुसती आकृती काढली. वडील म्हणतात, बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. मला हा विषय झेपेल का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी तालुका

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. मीही तुझ्याच जिल्ह्यातली, पंढरपूरची. बावीस वर्षं हा विषय विद्यापीठात शिकवला. तू विसरतेस यात तुझ्या बुद्धीचा दोष नाही. तुला उत्तर दिलं गेलं, ते कुणाला आणि कसं सापडलं हे सांगितलंच नाही. नुसती नावं कुणाच्याच डोक्यात टिकत नाहीत.

क्रेब्स सायकलचंच घे, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढते ते रासायनिक चक्र. ते चक्र आहे, सरळ रेषा नाही, हे कळलं कसं? १९३७ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हान्स क्रेब्स कबुतराच्या छातीचे स्नायू बारीक करून त्यांवर प्रयोग करत होते. कबूतर त्याच स्नायूंच्या जोरावर उडतं, म्हणून ते ऑक्सिजन भराभर वापरतात. त्यात त्यांनी मॅलोनेट घातलं. मॅलोनेट सक्सिनेटचं फ्युमरेट होऊ देत नाही, वाट तिथे अडते. मग अडथळ्याच्या पुढची पायरी, म्हणजे फ्युमरेट, बाहेरून घातलं. वाट सरळ असती तर त्यातून मागच्या पायरीचं सक्सिनेट तयार व्हायला नको होतं. पण ते तयार झालं आणि साचत गेलं.

आपल्याकडचा प्रदक्षिणा मार्ग डोळ्यांसमोर आण. वाटेत एके ठिकाणी दोरी बांधली आणि दोरीच्या पुढे एका वारकऱ्याला सोडलं, तर तो चालत चालत दोरीच्या मागच्या बाजूला येऊन थांबेल. तो तिथे पोचला, यावरूनच कळतं की वाट गोल आहे. आता वही न उघडता चक्र काढून बघ. एखादं नाव चुकेल, पण सक्सिनेट आणि फ्युमरेटची जागा आता चुकणार नाही.

एम.एस्सी.ला चांगल्या विभागात हेच करायचं असतं. समोर एखादं विधान आलं की त्याच्यामागचा प्रयोग शोधायचा, आणि तो प्रयोग फसला असता तर काय दिसलं असतं हे विचारायचं. ही सवय तुला आजपासून लावता येईल. प्रत्येक धड्यातलं एकच विधान निवड आणि वहीत त्याच्याखाली 'हे कशावरून?' असं लिही. शोधलेलं उत्तर मराठीत लिही. मी एम.एस्सी.ला पुण्यात आले तेव्हा पहिले तीन महिने रोज रात्री वर्गातलं सगळं मराठीत उतरवून काढायची. इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे, वाक्य मात्र आपलं. इंग्रजी त्यातूनच सुधारलं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव तू ऐकलं असशील. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या ऊतींमध्येही सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तुझ्या क्रेब्स सायकलमधून निघालेले इलेक्ट्रॉन याच सायटोक्रोममार्गे ऑक्सिजनपर्यंत पोचतात. पाठ्यपुस्तकात हे दोन धडे वेगळे पडतात, पेशीत ते एकच काम आहे.

जेल पाहिलं नाहीस याचं मला वाईट वाटलं, पण त्यामुळे तुझं काही कायमचं हुकलेलं नाही. जेल म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करायची अगारोजची वडी. अगारोज मिळतं अगारपासून, आणि अगार म्हणजे आपलं खरवसासारख्या वड्या पाडायचं चायनाग्रास. मायक्रोपिपेटने जेलमधल्या एका खाचेत दहा मायक्रोलिटर सोडायचे, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. हात कापतो, खाच फाटते. माझ्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे लागायचे, मग बसायचं. पेशी वाढवणं त्याहून अवघड आहे. माझ्या पहिल्या फ्लास्कमधलं पेशींच्या पोषणाचं गुलाबी माध्यम दोन दिवसांत पिवळं आणि गढूळ झालं. जिवाणू शिरले होते. महिनाभराचं काम ओतून टाकावं लागलं, त्या रात्री मी जेवले नाही. असे दिवस येतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात. त्याखेरीज बायोटेक्नॉलॉजीची देशपातळीवरची परीक्षा जीएटी-बी आणि आयआयटींची जॅम, ज्यात बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिच्यासाठी अर्ज कर. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेस की झेपेल की नाही याचं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

वडिलांना खोटं आश्वासन देऊ नकोस. नुसत्या एम.एस्सी.वर लस किंवा औषध कंपनीत, तपासणी प्रयोगशाळेत काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार बेताचा असतो. संशोधनात जायचं तर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं धरून चाल. बी.एड. मात्र एम.एस्सी.नंतरही करता येतं, हे त्यांना जरूर सांग. त्यांची काळजी रास्त आहे, तिला हे खरं उत्तर आहे.

आणि या आठवड्यात एक कर. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेव, बूड पाण्याला टेकू दे. तीन-चार दिवसांत मुळं फुटतील. सकाळी त्यांची टोकं काप आणि तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये दिवसभर ठेव. पुढचं सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना विचारून : सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये किंचित गरम करायचं, ॲसिटोकार्मिनने रंगवायचं, काचपट्टीवर घेऊन वरून अंगठ्याने दाबायचं. टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घे, पेशी विभागतात त्या तिथेच. घाई न करता पट्टी सरकवत राहा. गुणसूत्रं सुटी सुटी पसरलेली एखादी पेशी सापडेल. ती मोज आणि सोळा भरली का, ते मला कळव.