मेपल सिरपच्या यंत्रांसाठी घर तारण ठेवावं का?

प्रश्न: आम्ही दोघं व्हरमाँटमध्ये नोकरी करतो. घरामागच्या डोंगरउतारावर शुगर मेपलची झाडं आहेत, एकूण २५० टॅप (रस काढायला खोडात ठोकलेल्या तोट्या). रस साध्या ५/१६ इंची नळ्यांमधून आपोआप खाली शुगरहाऊसमध्ये, म्हणजे सिरप करायच्या खोपटात येतो. तिथे लाकडावर चालणारं २ बाय ६ फुटांचं इव्हॅपोरेटर (रस आटवायची चूल आणि कढया) आहे. तासाला २५ गॅलन पाणी उडतं. वीज म्हणजे घरातून २०० फूट ओढलेली १४ गेजची, १५ अँपिअरची एकच केबल. गेल्या हंगामात ५८ गॅलन सिरप झालं. २५ गॅलन ओळखीत ६० डॉलरने गेलं, बाकीचं ठोक खरेदीदाराला साधारण २५ डॉलरने. रात्र-रात्र चुलीपाशी बसून जीव मेटाकुटीला येतो. कोटेशन आली आहेत ती अशी: मोठं इव्हॅपोरेटर १३,५०० डॉलर, एक हॉर्सपॉवरचं आरओ (दाबाने रसातलं पाणी गाळून काढणारं यंत्र) ४,२००, आणि ते चालावं म्हणून नवी वीजलाईन ७,५००. घर तारण ठेवून २५,००० डॉलर १० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी मिळत आहेत. आणीबाणीचा निधी सोडून बचत ८,००० आहे. कर्ज काढावं का?

उत्तर: काढू नका. या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ३०३ डॉलर, म्हणजे वर्षाला ३,६४० होतो. तुमची वर्षाची एकूण विक्री १,५०० अधिक ८२५, म्हणजे २,३२५ डॉलर. डबे, गाळणी, लाकूड यांचा खर्च धरायच्या आधीच हप्ता विक्रीच्या पुढे गेला. नोकरीच्या पगारातून तो फेडता येईल हे खरं, पण मग ती गुंतवणूक राहत नाही, आणि त्यासाठी राहतं घर गहाण पडतं.

तुमचा त्रास मात्र खरा आहे आणि तो बचतीत बसेल अशा पैशात सुटू शकतो. त्यासाठी तीन कोटेशनपैकी कोणतं यंत्र नेमकं काय करतं ते वेगळं करून पाहू.

मोठ्या इव्हॅपोरेटरने सिरपचा एक थेंबही वाढत नाही. २ टक्के साखरेच्या रसाचे ४३ गॅलन आटवले की १ गॅलन सिरप मिळतं (८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, हा जुना हिशेब). तुमचे ५८ गॅलन म्हणजे हंगामाचा सुमारे २,५०० गॅलन रस, आणि ताशी २५ च्या वेगाने जवळपास ९८ तास आग. हे तास कमी करायचे तर पाणी वाफ करून घालवण्यापेक्षा आधीच गाळून काढणं कितीतरी स्वस्त पडतं. आरओने रस २ वरून ८ टक्क्यांवर नेला की तीन चतुर्थांश पाणी गेलेलं असतं. आटवायला ६२५ गॅलन उरतात आणि आग २३ तासांवर येते. चांगला वाहणारा दिवस धरा, टॅपमागे २ गॅलन, म्हणजे ५०० गॅलन रस. आज त्याला २० तास लागतात, आरओनंतर पाच. सध्याचं इव्हॅपोरेटर पुरेसं आहे. १३,५०० चं कोटेशन बाजूला ठेवा.

आता वीज, कारण खरा पेच तिथेच आहे. १२० व्होल्टवर एक हॉर्सपॉवरची मोटर साधारण १६ अँपिअर घेते. ती तुमच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर बसणारच नाही, म्हणून विक्रेत्याने ७,५०० ची लाईन सांगितली. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सुमारे १० अँपिअर घेते. सलग चालणाऱ्या भारासाठी १५ च्या सर्किटवर १२ अँपिअरपर्यंतच जायचं असतं. चुलीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचे दीडेक अँपिअर आणि एलईडी दिवे धरूनही तुम्ही त्याच्या आत राहता. रस चढवायचा पंप मात्र त्याच वेळी चालवायचा नाही.

पण केबल बदलावीच लागेल. १४ गेजच्या २०० फूट केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे १ ओहम आहे. १० अँपिअरला १० व्होल्ट वाटेतच जातात. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज इतकं पडतं की मोटर नुसती गुरगुरते, तापते आणि ट्रिप होते. असं आठवडाभर चाललं तर वाइंडिंग जळतं. १० गेजच्या, म्हणजे जास्त जाड तारेच्या, जमिनीत पुरायच्या केबलने हीच घट ४ व्होल्टवर येते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चर खणण्यासह हे काम १,५०० च्या आसपास धरा. ७,५०० लागायचं कारण नाही.

अर्ध्या हॉर्सपॉवरचं लहान आरओ हळू चालतं, हे आधीच जाणून घ्या. ताशी ४० गॅलन पाणी काढणारं यंत्र ५०० गॅलनच्या दिवशी नऊ-दहा तास चालेल. शिवाय हे आकडे साधारण ५५ अंश फॅरेनहाइटच्या रसाचे असतात. ३५ अंशांच्या रसावर वेग सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटतो. पण त्यापाशी सतत कोणी बसावं लागत नाही. मोठ्या दिवशी ८ ऐवजी ६ टक्क्यांवर थांबलात तरी चालेल.

पैशांत सांगायचं तर यंत्र (लहान यंत्रालाही कोटेशनइतकेच ४,२०० धरून) आणि केबल मिळून ५,७००, आयुष्य आठ वर्षं धरलं तर वर्षाला ७१२, त्यात फिल्टर आणि साबणाचे १५०. म्हणजे साधारण ८६० डॉलरला तुम्ही दर हंगामाचे ७५ तास विकत घेता, तासाला साडेअकरा डॉलर. लाकूड विकत घेत असाल तर हिशेब आणखी बरा: एका कॉर्डला (रचलेल्या लाकडाच्या ढिगाचं माप) २५ गॅलन सिरप धरलं तर दीड-पावणेदोन कॉर्ड वाचतात, आणि कॉर्ड ३५० ला मिळत असेल तर तास साडेतीन डॉलरला पडतो. नोकरी सांभाळून हे करणाऱ्या घरासाठी मला ही किंमत योग्य वाटते. मात्र आरओ वेळ वाचवतं, उत्पन्न वाढवत नाही.

उत्पन्न वाढवायचं तर सगळ्यात आधी नळ्या बदला, आणि त्याला वीज लागतच नाही. ३/१६ इंची बारीक नळीत उतरणारा रसाचा सलग स्तंभ स्वतःच ओढ निर्माण करतो: दर फूट उताराला सुमारे ०.८८ इंच पारा (ओढ मोजायचं माप), ३० फुटांना जवळपास २६. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने यावर बरंच काम केलं आहे. ध्यानात ठेवायचं ते इतकंच की ओढ त्या टॅपच्या *खाली* असलेल्या उतारावर ठरते. उताराच्या तळाशी असलेल्या झाडांना काहीच फायदा नाही, म्हणून फक्त वरच्या भागातले टॅप निवडा. १२० टॅप बसतात असं धरू. एका नळीवर २०-२५. टॅपमागे ८ डॉलर, म्हणजे ९६० खर्च. रस टॅपमागे १० वरून १६ गॅलनवर गेला तरी ७२० गॅलन जास्त, म्हणजे जवळपास १७ गॅलन सिरप. ठोक भावाने ४२०, थेट विक्रीने हजार डॉलर. दोन-तीन हंगामांत पैसे वसूल करणारी खरेदी ही एकच, आणि तीच तुमच्या यादीत नव्हती.

३/१६ चं दुखणं असं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टी-जोडाच्या बारीक भोकात जिवाणूंचा चिकट थर साचतो आणि रस कमी होत जातो. हंगाम संपताच टॅप काढताना प्रत्येक नळीत क्लोरिनचं पाणी खेचून घ्यायचं. कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरा. साध्या ब्लीचमधल्या सोडियमच्या खारटपणामुळे खारींसारखे प्राणी येऊन नळ्या कुरतडतात. एक भोक पडलं की त्या नळीची सगळी ओढ जाते. पुढच्या वसंतात सुरुवातीचा रस ओतून द्या, आरओत अजिबात जाऊ देऊ नका, कारण क्लोरिनने मेंब्रेन (आरओमधला पाणी गाळणारा पडदा) कायमचं खराब होतं. त्याच कारणाने मेंब्रेन नळाच्या पाण्याने धुवायचं नाही. आपल्या घरच्या आरओत पलीकडे आलेलं पाणी आपण पितो, इथे ते बाजूला काढतो. ते टाकीत साठवून दर वापरानंतर त्यानेच धुवा.

गोठण्याचा धोका सगळ्यात महाग. पाणी गोठलं की पंपाचं डोकं तडकतं आणि मेंब्रेन फाटतं. शुगरहाऊसच्या कोपऱ्यात इन्सुलेशन लावलेलं छोटं कपाट करा आणि थर्मोस्टॅटवर २०० वॉटचा हीटर ठेवा. मोटर बंद असतानाच तो लागतो, त्यामुळे सर्किटवर ताण येत नाही.

आटवण्याची सवयही बदलावी लागेल. आज सुमारे पावणेदोन तासांनी एक गॅलन सिरप तयार होतं, ८ टक्क्यांच्या रसावर २३-२५ मिनिटांनी होईल. चुलीपासून उठून गेलात तर पुढची कढई करपते. कढईत रसाची पातळी थोडी जास्त ठेवा, शर्करा-वाळूचा (रसातल्या खनिजांचा) थर लवकर साचेल म्हणून कढया अदलून-बदलून धुवा, आणि घट्ट केलेला रस त्याच दिवशी आटवा. तो साध्या रसापेक्षा लवकर नासतो.

करांचं थोडक्यात: शेड्यूल एफ (शेतीच्या नफ्या-तोट्याचा कराचा फॉर्म) भरत असाल तर सेक्शन १७९ खाली पहिल्याच वर्षी खर्च वजा घालता येतो. २२ टक्क्यांच्या टप्प्यात ५,००० च्या वजावटीने १,१०० वाचतात. त्यासाठी ५,००० खर्च करू नयेत. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) याला छंद म्हणण्याची शक्यता कमी होते. तुमच्या कर्जाच्या योजनेत नफा दिसलाच नसता. यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) आरईएपी या ग्रामीण ऊर्जा अनुदानात शेतकरी म्हणून बसायला निम्मं उत्पन्न शेतीचं लागतं, ते तुमचं नाही. लहान ग्रामीण व्यवसाय म्हणून बसता का ते विचारा, पण पैसे भरण्याआधी.

क्रम असा: या शरद ऋतूत नळ्या आणि केबल, सुमारे २,५००. आरओची ऑर्डर त्यासोबतच द्या; विक्रेत्याकडून मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर आणि ३५ अंशांच्या रसावरचा वेग लेखी मागा, आकडा १० अँपिअरपेक्षा जास्त असेल तर ते यंत्र घेऊ नका. सगळं मिळून ६,७०० होतं, १,३०० हातात राहतात. त्यातले थोडे डब्यांवर घाला: ठोकात जाणाऱ्यांपैकी १५ गॅलन बोस्टन-न्यू जर्सीकडच्या ओळखीच्या मराठी घरांत ६० ने गेले, तर डबे आणि टपालाआधी ५२५ डॉलर वाढतात, आणि त्याला एक अँपिअरही लागत नाही. जुनं इव्हॅपोरेटर कुणी स्वस्तात देऊ केलंच, तर कढईचे सांधे पाहा: वेल्डिंग नसून जुनं झाळकाम असेल तर त्यात शिसं असू शकतं आणि ते सिरपमध्ये उतरतं. असली कढई फुकट मिळाली तरी घेऊ नका.