इंटरव्ह्यूत रडू आलं, तरी सिलेक्ट केलं, मग जॉईन करू का?

हा प्रश्न घेऊन ती आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. लातूरकडची मुलगी, बीकॉम झालेली, पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मी गेली बरीच वर्षं करिअर समुपदेशन करते आणि सांगते, असे प्रश्न फार येतात. इंटरव्ह्यू वाईट गेला की पोरं पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतात. तिचंही तेच, "मॅडम, मीच कमी पडले ना?"

मी म्हटलं, ते राहू दे, आधी सकाळपासून काय काय झालं ते सांग, अगदी बसमधून उतरल्यापासून.

अकराची वेळ दिलेली, आत बोलावलं पावणेतीनला. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आत दोन माणसं, एक जण पूर्ण वेळ मोबाईलवर. टॅलीबद्दल एक प्रश्न आणि मग सुरू, लग्न कधी करणार, घरचे बघतायत का, मग आम्ही शिकवायचं आणि तुम्ही सहा महिन्यांत अक्षता टाकून जायचं का, वडील शेतकरी म्हणजे इंग्रजीची बोंबच असणार. तिथे तिला रडू फुटलं. आणि लगेच पुढच्या दहा मिनिटांत ते म्हणाले तू सिलेक्टेड, उद्यापासून ये.

बारीक बघा हं, आधी माणसाला खाली पाडायचं आणि मग हात द्यायचा, असं केलं की तो हात उपकार वाटतो. पगार किती हे विचारायचं तिला सुचलंच नाही. कसं सुचणार? पुढे टाकलेला कागद तिने वाचलासुद्धा नाही, दोन वर्षांचा बॉण्ड, मधे सोडलं तर दीड लाख. वर 18 हजार ट्रेनिंग डिपॉझिट, "नंतर परत मिळतं", आणि ते भरायचे कुणाच्या तरी पर्सनल यूपीआय नंबरवर. सही सोमवारी करते म्हणाली, एवढं मात्र तिने केलं.

मग मी विचारलं, सर्टिफिकेटं कुठायत? ती गप्प. पर्समधून तिने बटणाची प्लास्टिकची फाईल काढली, आत फक्त झेरॉक्स. दहावी, बारावी, डिग्री, सगळे ओरिजिनल "व्हेरिफिकेशनसाठी" ठेवून घेतलेले. पावती मागितली तर तो माणूस हसला म्हणे, आमच्यावर विश्वास नाही का.

इथे मी सहसा करत नाही ते केलं, सल्ला थेट दिला. समुपदेशकाने निर्णय माणसावर सोडायचा असतो हे खरंय, पण ओरिजिनल कागद दुसऱ्याच्या कपाटात असताना माणूस मोकळ्या मनाने निर्णय घेऊच शकत नाही. व्हेरिफिकेशन म्हणजे ओरिजिनल समोर दाखवायचे, झेरॉक्सशी ताडून घ्यायचे आणि परत पिशवीत. तिथेच बसून मेल लिहिला, अमुक तारखेला अमुक कागद तुमच्याकडे दिलेत, उद्या परत घ्यायला येते. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो, मेलला असतो.

तेवढ्यात वडिलांचा फोन. "मिळतीया तर धर की, पैशाचं बघतो मी." म्हणजे काय ते तिला माहीत होतं, आईच्या पाटल्या बँकेत जाणार. मी त्यांच्याशी बोलले. दादा, नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही, एवढंच म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कागद तेवढे आणा तिचे."

कंपनी म्हणे 300 माणसांची. 20 किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो, म्हणून आम्ही ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या साईटवर नाव शोधलं, नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर शोधलं, तिथेही नाही. दहा मिनिटांचं काम, पण घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. बॉण्डचं मात्र नीट समजून घ्या. सगळे बॉण्ड बेकायदा असतात असं काही नाही, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉण्ड योग्य ठरवलाय. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम जशीच्या तशी मिळतेच असं नाही, वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. आणि पैसे जर ऑनलाईन गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा.

उशीर झाला किंवा प्रश्न कडक विचारले म्हणून कंपनी वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्या ठिकाणीही ते होतं. पण अपमान, घाई, पैसे आणि ओरिजिनल कागद एकाच दिवशी आले की थांबायचंच.

दुसऱ्या दिवशी ती मामेभावाला घेऊन गेली. दोन तास बसवलं, मग मेलची प्रिंट दाखवल्यावर फाईल मिळाली. बारावीच्या मार्कशीटला स्टेपलरची दोन भोकं पडली होती, तिने ती मला बोट ठेवून दाखवली.

पुढे अडीच महिने नोकरी नव्हती, ते सोपे नव्हते, दोनदा गावी परत जायचं ठरवून झालं. मग भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथे तिने स्वतः विचारलं, "ही जागा रिकामी का झाली?" समोरच्या बाई म्हणाल्या, आधीची मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि उठून तिला बसायची जागा दाखवायला घेऊन गेल्या.