ऱ्होड आयलंड रेड कोंबडी अंडी आणि मांस दोन्हीसाठी खरंच चालते का?

चालते, पण दोन्हीत एक नंबर असेल असं डोक्यात धरून घेऊ नका. मी सहा वर्षं या कोंबड्या पाळतोय. अंड्यांत लेगहॉर्न ही खास अंड्यांची जात हिच्या पुढे आणि मांसात ब्रॉयलर तर कुठच्या कुठे, तो सहा आठवड्यांत तयार होतो आणि हिच्या नराच्या अंगावर मांस धरायला चार-पाच महिने जातात. पण लेगहॉर्न कापली तर हाडंच जास्त आणि ब्रॉयलर अंड्यांसाठी कोण ठेवतो, मग घरच्यापुरत्या दहा-पंधरा पाळायच्या तर हीच बरी पडते.

जात मूळची अमेरिकेतली. तिकडच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मलय, शांघाय वगैरे आशियाई जातींचे कोंबडे आपल्या शेतावरच्या कोंबड्यांत सोडले, त्यातून ही निघाली. १९०४ मध्ये रीतसर जात म्हणून मान्यता आणि १९५४ मध्ये तिथल्या ऱ्होड आयलंड राज्याची थेट राज्यपक्षी, गरुड-बिरुड सोडून कोंबडी!

आता खरी मेख. याच नावाखाली दोन तऱ्हा मिळतात. जुन्या वळणाची गडद लाल, लांबून जवळजवळ काळपट दिसते, कोंबडा चार किलोच्या जवळ, कोंबडी तीन किलो. दुसरी फक्त अंड्यांसाठी निवडत निवडत आणलेली, रंगाने फिकी, अंगाने बारीक, अंडी जास्त देते पण मांसाच्या नावाने बोंब. तुम्हाला दोन्ही हवंय ना, मग पिल्लं घेण्याआधी त्यांचे आईबाप बघा, मी पहिल्या वेळी नुसत्या नावावर घेतली आणि फसलो.

तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरणी कोंबडी, साधारण पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते, अंडं तपकिरी. कोणती घालतेय आणि कोणती नुसती खातेय ते पायांवरून कळतं, हिचे पाय मुळात पिवळे, पण अंडी घालायला लागली की तो पिवळेपणा बलकात जातो आणि महिन्या-महिन्याने आधी चोच मग पाय पांढुरके पडत जातात. ऐन मोसमात जिचे पाय हळदीसारखे पिवळेधमक तिच्यावर लक्ष ठेवा. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, क्वचितच बसते, त्यामुळे पिल्लं काढायची तर इनक्युबेटर नाहीतर दुसरी एखादी खुडूक कोंबडी लागेल. आणि कोंबडा कधीकधी अंगावर येतो, घरात लहान मुलं असतील तर तसला ठेवू नका, पहिला तोच कापा.