'संगतीने बिघडला' लिहिण्याआधी
अरे, मुलं मित्रांमुळे बिघडतात का हे अभ्यासताना 'तुझे किती मित्र चोरी, मारामारी करतात' असं मुलालाच विचारून मोकळा होऊ नकोस, कारण मुलं स्वतः जे करतात तेच मित्रही करतात असं धरून चालतात आणि मग मुलगा-मित्र संबंधाचा तुझा आकडा उगाच फुगतो. मित्रांची नावं घे, ओळख लपवायला लगेच नावाऐवजी कोड नंबर टाक आणि प्रश्नांचा फॉर्म त्या मित्रांनाच दे, कटकट आहे पण पर्याय नाही. आणि संगतीने बिघडला की बिघडलेलेच एकत्र आले हे एकदाच डेटा घेऊन कळत नाही, वर्षभराने परत जावंच लागतं, समाजशास्त्रज्ञ डेनिस कॅन्डेलबाईंनी १९७८ मध्येच दाखवलंय की दोन्ही होतं. गार्डनर-स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ चा गाडीच्या कॉम्प्युटर गेमवाला प्रयोग पण वाच, पिवळा सिग्नल लागलाय, मित्र सोबत, आणि १३ ते १६ ची पोरं गाडी दामटतात, २४ च्या पुढच्यांना मात्र ढिम्म फरक नाही.